लाल तेलाची गोष्ट

दोस्तहो, सुरुवातीलाच एक कबुली देतो. थर्ड इयरच्या व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी मला विचारलं होतं, "ऑटोमॅटिक गाडीत क्लच असतो का?" मी छातीठोकपणे म्हणालो, "नाही सर, म्हणून तर डाव्या पायाला पेडल नसतं!" सर हसले, वहीत काहीतरी खरडलं आणि म्हणाले, "नेक्स्ट." त्या उत्तराची किंमत मला नंतर मुरब्याच्या अंगणात, गाडीखाली उताणं पडून मोजावी लागली. तीच ही हकीकत. सोबत थोडी थिअरी, थोडं प्रॅक्टिकल. मेकॅनिकलवाल्यांना उपयोग होईलच, पण कॉम्प्युटरवाल्यांनीही पान उलटू नये. उद्या गाड्या तुम्हीच घेणार आहात!

माझं गाव मुरबे. पालघर तालुक्यात, खाडीच्या पलीकडे सातपाटी, आणि मागे बोईसर-तारापूरची एमआयडीसी. घरचा धंदा मासेमारीचा. चार वर्षांपूर्वी बोटीवर विंचचा दोर बाबांच्या डाव्या पायात अडकला. पाय वाचला, पण गुडघा कायमचा आखडला. क्लच दाबणं संपलं. मग घरात आली एक सेकंडहँड ऑटोमॅटिक हॅचबॅक, २०११ सालची, चार गिअरची. बाबा तिला 'माझा डावा पाय' म्हणतात. पहाटे पाचला आईला आणि तिच्या टोपल्यांना बोईसरच्या बाजारात सोडायचं आणि दुपारी परत आणायचं, हा त्या गाडीचा रोजचा नेम. गाडी बंद म्हणजे आईचा बाजार बंद, हे लक्षात ठेवा.

गेल्या वर्षी गाडी कुरकुरायला लागली. सकाळी थंड असताना लिव्हर 'डी'वर टाकला की दोन सेकंद काहीच नाही, मग एकदम 'धप्प' करून गिअर लागायचा. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना झटका बसायचा. एका गॅरेजवाल्याने गाडी न चालवताच निकाल दिला, "गिअरबॉक्स खोलावा लागेल, साठ-सत्तर हजार धरून चाला." बाबा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "तू इंजिनियर होतोयस ना? बघ जरा." पानातलं कालवण घशाखाली उतरेना!

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल काढून वाचलं. सोबत सर्व्हिसच्या पावत्या तपासल्या. गाडी नव्वद हजार किलोमीटर चाललेली. इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदललेलं. गिअरबॉक्सचं तेल मात्र एकदाही नाही!

हे तेल करतं तरी काय?

साध्या गिअरबॉक्समधलं तेल मुख्यतः वंगणाचं काम करतं. ऑटोमॅटिकमधलं तेल, म्हणजे एटीएफ, एकाच पगारात पाच नोकऱ्या करतं.

पहिली नोकरी ताकद वाहून नेण्याची. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. होस्टेलच्या रूममध्ये दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घाला, दोन्ही पंखे एका बंद डब्यात घाला, की झालं फ्लुइड कपलिंग. मध्ये तेलाला योग्य दिशेने परत वळवणारा तिसरा पंखा, स्टेटर, बसवला की टॉर्क वाढवताही येतो. हा झाला टॉर्क कन्व्हर्टर.

गंमत म्हणजे ही कल्पना मोटारीसाठी जन्मलेलीच नाही. ती जहाजासाठी जन्मली! जर्मनीत स्टेटिनच्या व्हल्कन गोदीत काम करणाऱ्या हर्मान फ्योटिंगर या इंजिनियरने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याची अडचण अशी, की वाफेचं टर्बाइन फार वेगाने फिरतं, आणि जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरला तरच पाणी नीट ढकलतो. मधला दुवा हवा होता. आमच्या बंदरातल्या प्रत्येक यांत्रिक बोटीवर हीच अडचण आहे. इंजिन जोरात, पंखा सावकाश, म्हणून मध्ये रिडक्शन गिअर. मोटारीत हे तत्त्व मोठ्या प्रमाणावर आलं ते जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिकमुळे. १९३९ मध्ये जाहीर झालेला हा गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये बसवला गेला. त्यात फ्लुइड कपलिंग होतं.

दुसरी नोकरी हायड्रॉलिक दाबाची. आत एक पंप असतो. तो तेल दाबाखाली व्हॉल्व्ह बॉडीत पाठवतो. तिथल्या बारीक वाटांमधून कुठला क्लच कधी दाबायचा हे ठरतं. होय, क्लच! एक्स्टर्नल सर का हसले ते आता कळलं असेल. आत एक नाही, अनेक क्लच असतात, तेलात बुडालेले. फक्त ते पायाने दाबायचे नसतात, तेल दाबतं.

तिसरी नोकरी घर्षण सांभाळण्याची, आणि हीच सर्वात नाजूक. क्लचच्या चकत्या तेलात राहूनही एकमेकींना धरल्या पाहिजेत, पण झटका न देता. तेल फार निसरडं असेल तर क्लच घसरतो, फार कोरडं असेल तर धपका बसतो. हा तोल साधायला फ्रिक्शन मॉडिफायर नावाची रसायनं घालतात. जनरल मोटर्सने एटीएफचं पहिलं स्पेसिफिकेशन १९४९ मध्ये काढलं. त्या काळात या कामासाठी चक्क स्पर्म व्हेल माशाचं तेल वापरत. म्हणजे अमेरिकेतल्या गाड्या देवमाशाच्या जिवावर गुळगुळीत गिअर बदलत होत्या! १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे व्हेलच्या तेलावर बंदी आली आणि केमिस्ट लोकांना पर्याय शोधावे लागले.

चौथी आणि पाचवी नोकरी म्हणजे थंड ठेवणं आणि वंगण. त्यांचं विस्ताराने सांगत नाही, थर्मलच्या सरांनी पुरेसं सांगितलंय.

आणि लाल रंग? तो निव्वळ ओळखीसाठी घातलेला असतो. गाडीखाली थेंब दिसला तर तो इंजिनचा की गिअरबॉक्सचा, हे पटकन कळावं म्हणून. पण सगळी एटीएफ लाल असतात असंही नाही, आणि दोन लाल तेलं एकच असतात असं तर मुळीच नाही.

तेल म्हातारं का होतं?

उष्णतेने. अंगठ्याचा नियम असा, की तापमान दर दहा अंशांनी वाढलं की तेलाच्या ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो. शिवाय गिअर आणि पंपाच्या दाढेत सापडून व्हिस्कॉसिटी टिकवणारे लांब रेणू तुटतात, फ्रिक्शन मॉडिफायर संपत जातात, आणि चकत्यांची भुकटी तेलात मिसळते. त्यात आमची गाडी बोईसरच्या गर्दीत अडकणारी. थांब-चाल, थांब-चाल. गाडी उभी असली तरी 'डी'मध्ये ब्रेक दाबून ठेवला की कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळत राहतं आणि तापतं.

काही गाड्यांच्या कागदपत्रांत 'लाइफटाइम फिल' असं लिहिलेलं असतं. लाइफटाइम कोणाचं, हे विचारायला शिका. गाडीचं, वॉरंटीचं, की तेलाचं?

आधी ओळख, मग पाना

आपल्याकडे 'ऑटोमॅटिक' या एकाच नावाखाली चार वेगळे प्राणी फिरतात. टॉर्क कन्व्हर्टरवाली, सीव्हीटी, ड्युअल क्लच आणि एएमटी. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेली एएमटी म्हणजे मुळात साधा गिअरबॉक्सच, क्लच आणि गिअर मशीन हलवतं एवढंच. तिला साधं गिअर ऑइल लागतं. सीव्हीटीत लोखंडी पट्टा आणि पुल्या असतात, तिचं तेल पूर्ण वेगळं. सीव्हीटीत एटीएफ ओतलंत तर गाडीचा निरोप समारंभ ठरवून टाका. म्हणून मॅन्युअलमध्ये जे नाव लिहिलंय तेच तेल आणायचं. आमच्या गाडीसाठी ते होतं एसपी-थ्री.

इथे आमच्या मामांचा प्रवेश झाला. १ जूनपासून मासेमारीला बंदी, बोट किनाऱ्यावर ओढलेली, त्यामुळे मामा मोकळे. तीस वर्षं बोटीचं इंजिन सांभाळलेला माणूस. म्हणाले, "अरे, तेल ते तेल. बोटीच्या गिअरबॉक्सचं चाळीस नंबर उरलंय, ते ओत. फुकटात काम!" मी म्हणालो, "मामा, तुमच्या गिअरबॉक्सला पुढे, मागे आणि मध्ये एवढंच येतं. तुम्ही गिअर टाकता तेव्हा बोट धक्का खाते, कोणाला काही वाटत नाही. इथे आई मागच्या सीटवर टोपली धरून बसलेली असते." मामांना हे पटलं. निदान आईचं नाव काढल्यावर गप्प बसले.

प्रत्यक्ष काम

सामान: नवीन तेल ४ लिटर, ड्रेन प्लगचा नवीन वॉशर, योग्य मापाचा पाना, टॉर्क रेंच, मापाचं भांडं, पसरट घमेलं, बारीक नळीचं नरसाळं, हातमोजे, चष्मा, आणि धागे न सुटणारं फडकं. जुन्या बनियनची चिंधी नको. तिचा एक धागा व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटेत अडकला तर पुरे.

१) सपाट जागा. आमचं अंगण वाळूचं. वाळूत जॅक रुततो आणि गाडी कलंडते. म्हणून बोटीच्या कामातल्या जाड फळ्या खाली घातल्या. चाकांना पुढून-मागून लाकडी ओट लावले, हँडब्रेक ओढला. जॅकवर गाडी उचलली आणि लगेच जॅक-स्टँडवर टेकवली. हे स्टँड आमच्या वर्कशॉपच्या फोरमन सरांनी दिले, त्यांचे आभार. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही, अगदी एका मिनिटासाठीही जाऊ नका. विटा किंवा पोकळ सिमेंटचे ब्लॉकही नकोत, ते न सांगता एकदम फुटतात. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

२) गाडी पाच-सात मिनिटं चालवून तेल कोमट केलेलं असावं. कोमट तेल लवकर वाहतं आणि गाळ सोबत नेतं. पण पूर्ण तापलेलं नको, ऐंशी-नव्वद अंशांचं तेल मनगटावरून ओघळलं तर हॉस्पिटल गाठावं लागेल.

३) तेल काढण्याआधी भरायची वाट तपासा! इथे मी चुकलो. प्लग उघडला, तेल भळाभळा वाहिलं, मी खूश. मग नवीन तेल भरायला गेलो तर कळलं, की आमच्या गाडीत डिपस्टिकच्या नळीतूनच तेल भरायचं असतं. ती नळी करंगळीएवढी, आणि माझं नरसाळं आईच्या स्वयंपाकघरातलं. तोंड शिरेचना. रविवार संध्याकाळ, बोईसरची दुकानं बंद होत आलेली, पहाटे पाचला सुक्या बोंबलाच्या टोपल्या निघायच्या, आणि 'बाबांचा डावा पाय' रिकाम्या गिअरबॉक्सने स्टँडवर लटकलेला! बाबा ओट्यावर बसून बघत होते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. शेवटी मामांनीच बोटीच्या सामानातून नवी कोरी पारदर्शक नळी काढली आणि नरसाळ्याला घट्ट बसवून दिली. 'तेल ते तेल' म्हणणारा माणूस नळी आतून कोरडी आहे ना, ती तीनदा उजेडात धरून बघत होता.

४) निघालेलं तेल मोजा. आमचं बरोबर ३ लिटर निघालं. रंग चहाच्या चोथ्यासारखा. रंगापेक्षा वास महत्त्वाचा. जळका वास आला तर क्लच जळतायत. आमच्या तेलाला तसा वास नव्हता, जीव भांड्यात पडला. प्लगवरच्या चुंबकावर राखाडी मलम असतं, ते घिसाईचं आणि सर्वसाधारण. लोखंडाचे टोकदार तुकडे दिसले तर मात्र पाना खाली ठेवा आणि चांगल्या मेकॅनिककडे जा.

५) नवीन वॉशर घालून प्लग मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. गिअरबॉक्सचं अंग ॲल्युमिनियमचं असतं. मनगटाची ताकद दाखवलीत तर आटे जातील.

६) जेवढं काढलं त्याहून थोडं कमी भरा, उरलेलं नंतर. बारीक नळीतून ३ लिटर उतरायला आम्हाला पाऊण तास लागला.

७) गाडी खाली उतरवून सपाटीवर घ्या. इंजिन सुरू करा, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर प्रत्येक जागी काही सेकंद थांबवत न्या, म्हणजे सगळ्या वाटा भरतात.

८) आता पातळी. तेल तापलेलं, गाडी सपाट, इंजिन चालू, आणि लिव्हर मॅन्युअल सांगेल तिथे. आमच्या गाडीत न्यूट्रलला. मी घाईत इंजिन बंद करून डिपस्टिक बघितली तर तेल खुणेच्या वर! घाबरून काढायला निघालो होतो. बाबा ओट्यावरून म्हणाले, "बोट लाटेवर असताना कोणी टाकी मोजतं का? गाडी चालू करून बघ." बरोबर होतं! इंजिन बंद झालं की वरच्या भागातलं तेल खाली उतरतं आणि पातळी चढलेली दिसते.

आणि 'हॉट' व 'कोल्ड' अशा दोन खुणा का? गणित करून बघा. तेल दर अंशाला साधारण ०.०००७ पट फुगतं. ६ लिटर तेल ३० वरून ८० अंशांवर गेलं, तर ६ × ०.०००७ × ५० = ०.२१ लिटर. म्हणजे पाव लिटरच्या जवळपास तेल नुसत्या उष्णतेने 'वाढतं'. कमी तेल असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर फिरते भाग ते घुसळून फेस करतात. फेसात हवा असते आणि हवा दबते, मग क्लचला पुरता दाब मिळत नाही. दोन्हीकडून नुकसान सारखंच.

एक सूचना. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकच नसते. तेलाचं तापमान स्कॅनरवर ठरावीक अंशांवर आणून प्लगमधून पातळी बघावी लागते. तशी गाडी असेल तर अंगणात प्रयोग नको. आणि पॅन उघडून फिल्टर बदलणं हा वेगळा अध्याय आहे, मी पहिल्या फटक्यात त्याला हात लावला नाही.

अर्धंच तेल बदललं, मग?

हा प्रश्न पडलाच पाहिजे. गिअरबॉक्समध्ये सहा लिटर धरलं तर निघालं तीनच. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि वाटांमध्ये अडकलेलं असतं. म्हणजे पहिल्या वेळी निम्मं तेल नवीन. काही दिवसांनी पुन्हा तेवढंच काढून भरलं तर नवीन तेल ७५ टक्के, तिसऱ्या वेळी ८७.५ टक्के. जिओमेट्रिक सिरीज! गणिताच्या सरांना सांगा, उपयोग सापडला. मशीनने दाब देऊन सगळं एकदम धुऊन काढायचा मार्गही असतो, पण नव्वद हजार किलोमीटर न बदललेल्या गिअरबॉक्सला एकदम सगळं नवीन देण्यापेक्षा हप्त्याहप्त्याने देणं मला बरं वाटलं.

काळ्या तेलाचं काय केलं?

मामा म्हणाले, "खाडी आहे की मागे." ते चेष्टेत म्हणाले, पण बाबा चेष्टेतही ऐकून घेत नाहीत. कारण आमच्या किनाऱ्याने तेल आणि रसायनं पुरेशी बघितली आहेत. तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांना भरपाई भरायचा आदेश दिला. कारखान्यांवर बोट दाखवायचं आणि आपलं घमेलं खाडीत रिकामं करायचं, हे कसं जमणार? वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते अधिकृत रिसायकलरकडे गेलं पाहिजे. आम्ही ते कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून, जिथून असं तेल नियमाने उचललं जातं अशा बोईसरच्या एका गॅरेजमध्ये नेऊन दिलं. होस्टेलच्या पार्किंगमध्ये बाइकचं तेल बदलून गटारात सोडणाऱ्या मित्रांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

निकाल

सोमवारी पहाटे पाऊस भुरभुरत होता. बाबांनी लिव्हर 'डी'वर टाकला. मी श्वास रोखून उभा. गाडी थांबली, पण आधीच्या निम्म्यानेच, आणि 'धप्प' न करता निघाली. आई मागून म्हणाली, "टोपली हलली नाही रे!" कुठल्याही एक्स्टर्नलने एवढे मार्क दिले नसते.

खरं सांगायचं तर गाडी नवी झाली नाही. हजारेक किलोमीटरनंतर दुसऱ्यांदा तेल बदललं, तेव्हा सकाळचा उशीर जवळजवळ गेला. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधला झटका कमी झालाय, संपलेला नाही. झिजलेली चकती तेलाने भरून येत नाही. कदाचित दोन वर्षांनी गिअरबॉक्स खोलावाही लागेल. पण ती दोन वर्षं आम्हाला हप्ते फेडायला मिळाली, आणि दोन्ही वेळचा मिळून खर्च साडेसहा हजारांच्या आत राहिला.

मागच्या आठवड्यात घरी फोन केला तर बाबा म्हणाले, "मामाने या वर्षी बोटीच्या गिअरबॉक्सचं तेल वेळेच्या आधीच बदललं. आणि काढण्याआधी भरायची जागा बघून घेतली. तुझं नाव सांगत होता."

तेव्हा दोस्तहो, पुढच्या व्हायवाला कोणी विचारलं, "ऑटोमॅटिक गाडीत क्लच असतो का?" तर काय सांगायचं ते आता माहीत आहे. आणि घरी कोणी म्हणालं, "तू इंजिनियर होतोयस ना, बघ जरा," तर घाबरू नका. आधी मॅन्युअल उघडा. मग नरसाळं तपासा. प्लगला हात सगळ्यात शेवटी!